तिवदरचा न दिसलेला तारा

किशहालोममध्ये कुणालाही विचारा, तिवदर बोदनार कोण, तर लगेच सांगतील, "आपले तारेवाले तिवदरकाका! बुडापेश्तचे लोक त्यांना पत्रं लिहितात!" सांगताना छातीसुद्धा फुगवतील. मला कुणी विचारत नाही. मी एटेल्का, त्याची आकडसासू, त्याच्या बायकोची थोरली बहीण. त्याच अंगणात पलीकडच्या दोन खोल्यांत राहते, त्यामुळे हा प्राणी मी रोज सकाळ-संध्याकाळ पाहिलाय. मला विचारलंत तर मी सांगेन की असला ऐदी, आपमतलबी आणि वर नाकाने कांदे सोलणारा माणूस तिसा नदीच्या दोन्ही तीरांवर दुसरा मिळणार नाही.

दिवसा तो जमिनींच्या नोंदीच्या कचेरीत कारकून होता. कोपऱ्यात बसायचा, पेन्सिलींना टोकं काढायचा आणि कुणी काही विचारायला आलं की त्या माणसाकडे असा बघायचा, जणू त्याने झोपमोड केलीय. बोलणं मोजकं. लोकांना वाटायचं, विचारवंत आहे. अहो कसला विचारवंत! ज्याच्याजवळ बोलायला काही नसतं तोही गप्पच बसतो की.

पिरोश्काशी लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याला ताऱ्यांचा नाद लागला. धुण्याचं यंत्र घ्यायचं म्हणून दोघांनी पैसे साठवले होते, त्यांची दुर्बीण आली. बागेच्या टोकाला आलुबुखारच्या झाडांपलीकडे त्याने सरकत्या छपराची एक लाकडी खोपटी बांधली. माझी बहीण पुढे कितीतरी वर्षं चादरी हाताने पिळत राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने बाहेरूनच खोपटी दाखवत राहिली. बाईमाणूस एकदा भोळं निघालं की त्याला औषध नाही.

तो नाद काय होता तेही सांगते. काही तारे असे असतात म्हणे, की आठवडेच्या आठवडे मेल्यासारखे मंद पडून राहतात, आणि मग एका संध्याकाळी एकदम भडकतात. चार दिवस मिरवतात, परत विझल्यासारखे होतात. कधी भडकतील ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून रोज कुणीतरी बघायला हवं. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं, याच्यापेक्षा उजळ, त्याच्यापेक्षा मंद, आणि तसं लिहायचं. दुर्बिणीत तारा सापडलाच नाही तर "दिसला नाही" असं लिहायचं. ही सगळी टिपणं महिनाअखेरीस बुडापेश्तला जायची.

"न दिसल्याचं काय लिहायचं त्यात?" मी एकदा जेवताना विचारलं.

तिवदरने चमचा खाली ठेवला. "ताई, न दिसणं हेसुद्धा निरीक्षण आहे. आज दिसला नाही आणि उद्या दिसला, तर तो कधी भडकला ते त्यावरूनच कळतं. तुम्हाला नाही समजायचं."

"मला तर तुझ्या ताटातलं मटण संपलेलंही दिसतंय," मी म्हटलं. "लिहून ठेवू का?"

पिरोश्काने टेबलाखालून मला लाथ मारली. ती त्याच्या बाजूची होती. कायमच होती, आणि त्यातच सगळं आलं.

त्या ताऱ्यांपायी त्या घरात काय काय चाललं ते ऐका. दिवस मावळला की दिवे बंद. स्वयंपाकघरात एक बल्ब, त्यालाही नखांना लावायचा लाल रंग फासलेला, कारण साधा उजेड डोळ्यात गेला तर तिवदरसाहेबांना अंधारात दिसायला अर्धा तास लागणार. त्या लाल उजेडात भाजी चिरताना पिरोश्काचं बोट कापलं तर रक्त कुठलं आणि पेपरिकाचं तिखट कुठलं ते कळायचं नाही. कुत्रा भुंकतो म्हणून देऊन टाकला. संध्याकाळी पाहुणा म्हणून कुणी यायचं नाही. रेडिओ नाही. बोलायचं तर कुजबुजत, कारण साहेबांचं चित्त विचलित होतं. बागेपर्यंत आवाज जातो म्हणे! आणि बरोबर नऊ वाजता रम घातलेल्या चहाचा थर्मास खोपटीच्या दाराबाहेर ठेवायचा. ठेवायचा आणि निघून यायचं. दार वाजवायचं नाही, उघडायचं तर नाहीच नाही. आत उजेड शिरतो.

आभाळ भरलेलं असलं तरी तो जायचाच. "मध्येच उघडलं तर?" म्हणायचा. बर्फ पडत असताना मी त्याला खांद्यावर घोंगडी घेऊन जाताना पाहिलंय. पिरोश्का खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "ताई, बघ गं. एवढ्या थंडीत. याला म्हणतात निष्ठा."

मीही तेव्हा म्हटलं, असेल बाई. मूर्खपणा असेल, पण निष्ठेचा असेल.

एकदा मात्र खोपटीतून केवढ्याने आरोळी आली. वसंतातली संध्याकाळ होती, मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. पिरोश्का हातातली परात टाकून पळत सुटली. "काय झालं? भडकला?" तिने दाराबाहेरूनच विचारलं. आत क्षणभर शांतता, मग तिवदरचा आवाज आला, "हो! भडकला!" त्या दिवशी माझ्या बहिणीने जपून ठेवलेली पालिंका, जर्दाळूची कडक दारू, काढली. तिघांनी त्या ताऱ्याच्या नावाने पेले रिकामे केले. पिरोश्काचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "बघितलंस? वाट बघितली की मिळतं."

पिरोश्काला आयुष्यात एकच हौस होती. तिला बालाटन सरोवराकाठी एक आठवडा घालवायचा होता. फार नाही. सकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं, दुपारी कागदात गुंडाळलेला तळलेला मासा खायचा, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात, चांगल्या लख्ख पांढऱ्या उजेडात, बाहेर बसून मोठमोठ्याने गप्पा मारायच्या. लग्न झालं तेव्हा त्याने शब्द दिला होता. कचेरीतून दर उन्हाळ्यात विश्रामगृहाची चिठ्ठी यायची, आणि दर उन्हाळ्यात तो ती परत करायचा. "मी तिथे बदकासारखा पाण्यात बसलेला असताना तारा भडकला तर? एवढ्या वर्षांच्या निरीक्षणात खंड पडेल."

"तू एकटी जा की," मी म्हणायचे.

"आणि त्याचा चहा?"

काय डोकं आपटायचं सांगा!

मग चौऱ्याण्णवचा उन्हाळा आला. शाळेतली एक जुनी मैत्रीण बालाटनकाठच्या फ्यूरेदला राहायची, तिने पिरोश्काला जुलैचा तिसरा आठवडा खोली देऊ केली. खिडकीतून पाणी दिसणारी खोली. पिरोश्का छप्पन्न वर्षांची. तिने सुटकेस काढून उन्हात ठेवली, पोहायचा निळा पोशाख शिवून घेतला. मला घालून दाखवला तर लाजून लाल झाली.

आणि नेमका त्याच आठवड्यात धूमकेतू गुरू ग्रहावर आदळणार होता.

वर्तमानपत्रांत महिनाभर तेच. धूमकेतूचे वीसेक तुकडे झालेत आणि ते एकामागून एक गुरूवर जाऊन आपटणार. तिवदरने पेपर टेबलावर पसरला, सुटकेसकडे बघितलं आणि म्हणाला, "पिरोश्का, हे हजार वर्षांत एकदा घडतं. सरोवर काय पळून जातंय?"

तिने निळा पोशाख कपाटात ठेवला. मी त्याला तोंडावर म्हटलं, "तिवदर, तुझी बायकोही हजार वर्षं टिकणारी नाही."

"विज्ञानापुढे वैयक्तिक गोष्टी गौण असतात, ताई," तो म्हणाला. मेल्याच्या तोंडाला तेव्हा गाजराचं सूप लागलेलं होतं.

आमच्या गावात तारे बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. शाळेतली विज्ञानाची बाई योलान ते चालवते. चांगली पोरगी, कुणाला दुखवणार नाही. तिने फुटबॉलच्या मैदानावर शाळेची दुर्बीण लावायचं ठरवलं आणि तिवदरला आमंत्रण द्यायला आली. "तिवदरकाका, लोकांना समजावून सांगायला तुम्हीच हवेत."

"गर्दीत निरीक्षण होत नसतं," साहेब म्हणाले. "मी माझ्या जागेवरून बघेन. रोज चित्र काढेन. रविवारी सांस्कृतिक भवनात लावा."

योलान हरखून गेली. अगदी हात जोडायचेच राहिले होते.

मैदानावर मी गेले. म्हटलं, घरात लाल बल्बखाली बसण्यापेक्षा बरं. पिरोश्का आली नाही, थर्मास होता ना. आणि काय मजा होती! निम्मं गाव लोटलं होतं. लांगोशच्या जाड पुऱ्या तळणाऱ्याची कढई उकळत होती, लसणाचा वास सगळीकडे. रांगेत माझ्यापुढे खाटीक उभा होता. तो दुर्बिणीला डोळा लावून ओरडला, "अरे, याला तर कुणीतरी चांगलाच चोपलाय!" माझी पाळी आली. बघते तर मळलेल्या पिठाच्या गोळ्यावर कोळशाचं बोट लागावं तसे काळे डाग, गुरूच्या वरच्या कडेला. मला ताऱ्यांचं कौतुक कधीच नव्हतं, पण खरं सांगते, अंगावर काटा आला. मी तीन वेळा रांगेत उभी राहिले.

"पण पेपरात तर डाग खाली दाखवलेत," खाटीक म्हणाला.

योलान हसली. "दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, काका. दक्षिण वर येते. पेपरवाले सुलट करून छापतात. आम्ही मात्र जसं दिसतं तसंच काढतो, आणि वर 'दक्षिण' लिहितो. दुर्बीणवाल्यांचा रिवाजच आहे तो."

मी ते ऐकलं आणि विसरूनही गेले.

रविवारी सांस्कृतिक भवनाच्या दालनात तिवदरची चित्रं लागली. चित्रं सुरेख होती, ते नाकारत नाही. कारकुनी हात, रेघ इकडची तिकडे नाही. महापौर आले होते. पिरोश्काने स्वतः केलेल्या खसखशीच्या रोलचा थाळा धरला होता आणि प्रत्येकाला वाढताना ती चित्रांकडे बोट दाखवत होती. तिच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की माझा रागसुद्धा क्षणभर निवला. म्हटलं, चला, सरोवर गेलं, पण हे तरी मिळालं तिला.

मग मी चित्राजवळ गेले.

"अगं बाई," मी म्हटलं, "हे डाग खाली कसे?"

माझा आवाज मुळातच मोठा. खाटीक पुढे आला. "हो की! मैदानावर वर होते."

"तिवदरकाकांनी लोकांसाठी सुलट करून काढलं असेल," योलान घाईघाईने म्हणाली. भली पोरगी, त्याच्यासाठी पळवाट शोधत होती.

तिवदरने ती पळवाट लगेच धरली. "अर्थात. सामान्य लोकांसाठी."

पण योलान तोवर कागदाजवळ वाकली होती. आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कारण प्रत्येक चित्राच्या माथ्यावर, तिवदरच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: दक्षिण. दुर्बीणवाल्याची जन्माची सवय! हात आपोआप चालला होता. वर लिहायचं दक्षिण, म्हणून लिहिलं. आणि खाली चित्र मात्र पेपरातलं उतरवून काढलं. दुर्बिणीला एकदा जरी डोळा लावला असता तरी असं झालं नसतं. मंडळातल्या चारपाच जणांना ते एकदम कळलं. ती मंडळी एकमेकांकडे न बघता बुटांकडे बघायला लागली.

"डोळे थकतात हल्ली," तिवदर पुटपुटला.

"अहो, डाग तो डाग, वर काय नि खाली काय!" महापौर हसून म्हणाले, आणि गाव हसलं. रोल उचलले गेले, सोडा घातलेली वाइन ओतली गेली. आमच्या गावाला सत्य पचत नाही, रोल पचतो. पाचच मिनिटांत सगळे पुन्हा तिवदरच्या पाठीवर थाप मारत होते, आणि तो त्या थापा घेत होता. निर्लज्ज!

पिरोश्काने थाळा खिडकीवर ठेवला. मला म्हणाली, "ताई, चल." घरी आलो तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. ती स्वयंपाकघरात गेली नाही, सरळ आलुबुखारच्या झाडांपलीकडे गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा खोपटीचं दार उघडलं.

आत एक खाट होती. चांगली ऐसपैस, उशी, आमच्या आईची गोधडी. उशाशी छोटा रेडिओ, त्याला कानात घालायची वायर. खेळाच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भिंतीला लावून नीट रचलेले. दुर्बीण कोपऱ्यात मेणकापडाखाली. मी कापड ओढलं, धुळीने ठसका लागला. नळीच्या तोंडात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. जिवंत नव्हे, जुनं, करडं, हात लावताच भुगा होणारं.

सरकत्या छपराची चाकं गंजून रुळाला चिकटली होती. मी ढकलून बघितलं. हललं नाही.

आणि मला एकदम त्याची सगळी हुशारी कळली. तारा बहुतेक दिवस दिसतच नाही. म्हणजे खाटेवर पडून "दिसला नाही" लिहायचं, की झालं निरीक्षण! दहातली नऊ टिपणं खरीच निघणार. उरलेलं एखादं भडकणं इतरांकडून फोनवर कळलं की महिनाअखेरीस भरून टाकायचं. त्या अर्थाने तो खोटंही फारसं बोलला नव्हता. बघितलं नाही आणि दिसलं नाही! असला बेरकी आळस मी तरी पाहिला नाही.

तिवदर मागून आला. दारातच थांबला. आपल्याच खोपटीच्या दारात चोरासारखा.

"कधीपासून?" पिरोश्काने विचारलं.

"सुरुवातीला बघायचो. तीन-चार हिवाळे बघितलं," तो म्हणाला. "मग कंटाळा आला."

ती खेळाच्या पेपरांकडे बघत होती. "त्या दिवशी ओरडलास. मी पालिंका काढली होती."

तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडू लागला.

"गोल झाला होता?"

"शेवटच्या मिनिटाला," तो म्हणाला. आणि शपथेवर सांगते, ते सांगताना त्याच्या तोंडावर आनंद होता.

मी तोंड उघडलं, पण पिरोश्काने हाताने मला थांबवलं. "कंटाळा आला होता तर घरात यायचंस. मी होते ना घरात. कशाला रोज इथे?"

तिवदरने खांदे उडवले. बराच वेळ विचार केला, जमिनीच्या नोंदीतलं काही शोधत असल्यासारखा. मग म्हणाला, "इथे बरं वाटायचं. कुणी नसायचं."

ऐकलंत? कुणी नसायचं! जी बाई लाल उजेडात बोटं कापत होती, स्वतःच्या घरात कुजबुजत होती, जिने कुत्रा दिला, माणसं तोडली, तिच्यापासून लांब राहायला या माणसाने अख्खं आकाश कामाला लावलं होतं. साध्या माणसाने दारू तरी प्यायली असती, दुसरी बाई तरी ठेवली असती. तेवढीसुद्धा धमक नाही. मी म्हटलं, "तिवदर, तुझ्यावर थुंकावं एवढीसुद्धा तुझी लायकी नाही."

"मी तिला कधी मारलं का?" तो मलाच म्हणाला. "कधी वाईट शब्द बोललो का?"

पिरोश्का रडली नाही. तिने खाटेवरची आईची गोधडी उचलली, झटकली, घडी घातली.

"मला वाटायचं, मी ताऱ्यापुढे हरले," ती म्हणाली. "त्याचं मला वाईट वाटत नव्हतं, तिवदर. तारा मोठा असतो. त्याच्यापुढे माझ्यासारखी कुणीही हरेल. तू खरंच बघत असतास ना, तर मी मरेपर्यंत चहा ठेवला असता." तिने गोधडी छातीशी धरली. "पण तू मला खाटेपुढे हरवलंस."

मला वाटलं, आता तरी हा पाय धरेल. निदान मान खाली घालेल. त्याने उघड्या खाटेकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या गोधडीकडे.

"मग आज मी काय पांघरू?" त्याने विचारलं.

पिरोश्का त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. एवढ्या मोठ्याने हसली, की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, काय झालं, तारा भडकला का?

"नाही हो," पिरोश्का तिला ओरडून म्हणाली, "कधीच भडकला नव्हता!"

त्या दिवसापासून ती माझ्याकडे राहते. गावात म्हणतात, काय बाई तरी, चित्र उलटं निघालं म्हणून या वयात नवऱ्याला सोडलं. तिवदरला मंडळाने मानाचं सदस्यत्व दिलं. आता घरात तो एकटाच असतो, दुसरं कुणी नाही, हवी तेवढी शांतता आहे. तरी दिवस मावळला की तो बाहेरच्या थंडीत खोपटीकडे जातो, आणि जाताना आमच्या खिडकीखाली जरा थांबतो. आम्ही दोघी आत जोरजोरात बोलत असतो. पिरोश्का एकदाही बाहेर बघत नाही.